रक्त कमी आहे, पण कशाने?

गेल्या भाद्रपदात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर मी एका बाळंतिणीचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहिले. तिची नोंदणी होळीनंतर, पाचव्या महिन्यात झाली होती. त्यानंतर हिमोग्लोबिन तीनदा मोजले होते: ८.२, ७.९ आणि ८.४. तिन्ही नोंदींपुढे लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्याची खूण होती, संख्या होती, सही होती. मूल दोन किलो शंभर ग्रॅम वजनाचे जन्मले, हेही नीट लिहिले होते. हिवतापासाठी रक्तनमुना घेतला का, सिकलसेलची तपासणी झाली का, जंताची गोळी दिली असल्यास कोणत्या महिन्यात दिली, याविषयी कार्डावर काहीच नव्हते. मी विचारले तेव्हा आशाताई म्हणाल्या, "तिना अंगमा रगतच नही शे, भाऊ." त्यांच्या सांगण्यात तक्रार नव्हती. नेमून दिलेले काम त्यांनी चोख केले होते, आणि नर्सबाईंनीही. रक्त कमी आहे हे सर्वांना कळले होते. ते कशाने कमी आहे हे विचारण्याची सोय मात्र त्या व्यवस्थेत कुठेच नव्हती. त्या प्रश्नाचे उत्तर खानदेशातच, इथल्या आया आणि त्यांची मुले यांच्यावर केलेल्या दीर्घ व प्रामाणिक संशोधनातून शोधावे लागेल, आणि असे संशोधन ही रस्ता किंवा पाणीयोजना यांच्या तोडीची सार्वजनिक गरज आहे, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये आणि ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हेच प्रमाण अनुक्रमे ६८.९ आणि ४५.७ टक्के होते. २०१८ साली 'ॲनिमियामुक्त भारत' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार गरोदर स्त्रीला १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असलेली गोळी मिळते. या गोळ्यांना माझा विरोध नाही. गरोदरपणात बाईच्या शरीराला एकूण सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते आणि भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पातळ डाळ यांतून ते मिळत नाही, हे उघड आहे. आक्षेप इतकाच आहे, की गोळी दिली की प्रश्न सुटला, आणि प्रश्न सुटला नाही तर बाईने गोळी खाल्ली नसणार, असा निष्कर्ष आपण काढून मोकळे होतो.

या गोळीतील अर्धा भाग मुंबईत झालेल्या संशोधनाचे फळ आहे, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या एका विशिष्ट, जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. या रक्तक्षयात तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या असत. त्या स्त्रियांचे रक्त तिने तपासलेच, शिवाय त्या काय खातात, कशा राहतात हेही पाहिले, आणि अखेर यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो हे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. रक्तक्षय हा एक आजार नसून अनेक आजारांचे एकच दिसणारे रूप आहे, हे तिने गृहीत धरले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, त्याच राज्याच्या उत्तर टोकाला, आपण तिच्यापेक्षा कमी प्रश्न विचारत आहोत.

सातपुड्यातील बाईच्या रक्तावर किमान चार बाजूंनी ओढ असते. पहिली अपुऱ्या आहाराची. दुसरी अंकुशकृमीची. उघड्यावर शौच होते त्या ओलसर मातीत या कृमीच्या अळ्या वाढतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. तेथून फुप्फुसांतून फिरत लहान आतड्यात येऊन भिंतीला चिकटतात आणि रक्त पितात. अँकायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. नेकॅटर जातीचा त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आकडा क्षुल्लक वाटतो, पण असे पन्नास कृमी वर्षभर पोटात असले तर गोळीतून दिलेल्या लोहाचा मोठा वाटा कुठे जातो याचा हिशेब कोणालाही करता येईल. तिसरी ओढ सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात त्या आजाराची. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत हा जनुकीय दोष मोठ्या प्रमाणात आढळतो. तो तेथे का टिकून राहिला याचे स्पष्टीकरणही हिवतापातच आहे: आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या व्यक्तीला फॅल्सिपेरम या सर्वांत घातक जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळते, हे शास्त्रज्ञ ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. दोघांकडून दोष आलेल्या मुलाला मात्र तोच हिवताप अधिक घातक ठरतो, आणि अशा रुग्णाला लोह द्यायचे की नाही, हे त्याच्या शरीरातील लोहसाठा पाहून ठरवावे लागते.

चौथी ओढ हिवतापाची आहे, आणि गरोदर बाईच्या बाबतीत ती सर्वांत कमी दिसणारी असल्यामुळे तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, हे शाळेत शिकवले जाते. आईच्या शरीरात हाच परजीवी काय करतो हे कळायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. फॅल्सिपेरमने ग्रासलेल्या तांबड्या पेशी एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. गरोदरपणात वारेच्या, म्हणजे गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवाच्या, रूपाने त्यांना चिकटायला नवी जागा मिळते. वारेत कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाचे द्रव्य असते आणि परजीवी आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याला धरून बसणारे प्रथिन तयार करतो. वारेतील हे चिकटणे १९९६ साली उलगडले आणि नंतरच्या दशकात त्या प्रथिनाची ओळख पटली. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा, की बाईच्या बोटातून घेतलेल्या थेंबात परजीवी दिसत नसतानाही वारेत तो भरपूर असू शकतो, म्हणजे काचपट्टी निर्दोष आणि वार आजारी. दुसरा असा, की बालपणापासून कमावलेली प्रतिकारशक्ती या नव्या रूपापुढे अपुरी पडते, म्हणून पहिलटकरणीला धोका सर्वांत जास्त. वारेतून बाळाला मिळणारे पोषण घटते, बाळ कमी वजनाचे जन्मते, आणि आईचे रक्त आणखी उतरते. जेथे हिवताप बारमाही व दाट आहे तेथे दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणापर्यंत या रूपाविरुद्धही प्रतिकारशक्ती तयार होते. आपल्यासारख्या, हंगामी आणि विरळ हिवतापाच्या प्रदेशात ती तयार होत नाही, म्हणून कितव्याही खेपेची गरोदर बाई धोक्यात असते.

व्हायवॅक्स या परजीवीच्या दुसऱ्या जातीमुळे होणाऱ्या हिवतापाला आपण सौम्य म्हणतो. थायलंड-म्यानमार सीमेवरील अभ्यासात, ज्यांना गरोदरपणी व्हायवॅक्स झाला त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०७ ग्रॅमने कमी भरले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. दोन किलो शंभर ग्रॅमच्या बाळाच्या बाबतीत शंभर ग्रॅमला फार मोठी किंमत आहे. शिवाय व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात निद्रिस्त राहतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला यकृतातच मारणारे प्रायमाक्विन गरोदर बाईला देता येत नाही, कारण गर्भाच्या तांबड्या पेशी त्याने फुटण्याचा धोका असतो. म्हणजे गरोदर बाईचा ताप क्लोरोक्विनने उतरवता येतो, पण तिच्या यकृतातील परजीवी बाळंतपण होईपर्यंत तसाच ठेवावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे जगाला ठाऊक आहे, औषधेही ठरलेली आहेत, मग खानदेशात वेगळे संशोधन कशाला? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. उत्तरासाठी चार अभ्यासांची हकीकत सांगतो.

टांझानियातील झांझिबार द्वीपसमूहात पेंबा नावाचे बेट आहे. तेथे हिवताप दाट होता. एक महिना ते तीन वर्षे या वयाच्या चोवीस हजारांहून अधिक मुलांवर तेथे लोह व फॉलिक ॲसिडची चाचणी झाली. रक्तक्षय कमी होईल आणि मुले वाचतील ही अपेक्षा होती. घडले उलटे: लोह मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यू आणि रुग्णालयात दाखल करावे लागणारे गंभीर आजार मिळून १२ टक्क्यांनी जास्त आढळले, आणि लोहाचा भाग मुदतीपूर्वी थांबवावा लागला. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात नेपाळच्या सरलाही जिल्ह्यातील तसाच अभ्यास होता. तेथे हिवताप नगण्य होता आणि लोहामुळे मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे औषध तेच आणि वयही जवळजवळ तेच असून परिणाम निराळा. पेंबातच एका लहान उपगटात हिवतापाचे निदान व उपचार नीट होत होते, आणि त्या गटातील लोहाची खरी कमतरता असलेल्या मुलांना लोहाचा फायदा झाला. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने आपला सल्ला बदलला: हिवतापाच्या प्रदेशात मुलांना लोह द्यायचे असेल तर हिवतापाचे प्रतिबंध, निदान आणि उपचार यांची व्यवस्था बरोबरीने हवी. धडगाव तालुक्यातील एखाद्या पाड्यावरचे मूल पेंबाच्या मुलासारखे आहे की सरलाहीच्या, आणि पावसाळ्यानंतरच्या चार महिन्यांत एकासारखे व उन्हाळ्यात दुसऱ्यासारखे आहे का, हे पेंबाहून किंवा सरलाहीहून सांगता येणार नाही.

दुसरी जोडी जंतांची आहे. याच सरलाही जिल्ह्यात, जेथे जवळजवळ तीन-चतुर्थांश गरोदर स्त्रियांना अंकुशकृमी होते, गरोदरपणाच्या दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोल या जंतनाशक गोळीच्या दोन मात्रा मिळालेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ५९ ग्रॅमने जास्त वजनाची जन्मली आणि सहा महिन्यांपर्यंतचे बालमृत्यू ४१ टक्क्यांनी कमी आढळले, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. हे वाचून कोणालाही वाटेल, की ताबडतोब सर्व गरोदर स्त्रियांना गोळी द्यावी. परंतु युगांडातील एंटेबे येथे २,५०७ गरोदर स्त्रियांवर चिठ्ठी टाकून, म्हणजे कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे दैवावर सोडून, चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० आणि २०११ साली आले, आणि त्यांत आईच्या रक्तक्षयावर वा बाळाच्या वजनावर एकंदरीत परिणाम दिसला नाही. उलट, अल्बेंडाझोल घेतलेल्या आयांच्या बाळांना इसब होण्याचे प्रमाण जास्त निघाले. नेपाळमधील अभ्यासात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांची तुलना होती, आणि गोळी घेणारी बाई इतर बाबतींतही अधिक काळजी घेणारी किंवा अधिक सुस्थितीत असू शकते. एंटेबेतील पद्धत त्या दृष्टीने अधिक भक्कम होती. पण एंटेबेत बहुतेक स्त्रियांचा कृमिसंसर्ग सौम्य होता, हेही लक्षात घ्यावे लागते. आईला दिलेल्या गोळीचा परिणाम बाळाच्या कातडीवर दिसू शकतो, हे कळले ते केवळ बाळंतपणानंतर अभ्यास थांबवला नाही, मुलांवर लक्ष ठेवले, म्हणून. मला या संपूर्ण विषयात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलची एक मात्रा देण्याचे धोरण आहे, आणि ते सावधपणे आखलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की जेथे गरोदर स्त्रियांमध्ये अंकुशकृमी किंवा चाबूककृमीचे प्रमाण २० टक्के वा अधिक आणि रक्तक्षयाचे ४० टक्के वा अधिक असेल, तेथे पहिल्या तिमाहीनंतर ही गोळी द्यावी. रक्तक्षयाचा आकडा आपण मोजतो. कृमींचा आकडा मोजायचा तर शौचाचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजावी लागतात. ते काम किळसवाणे मानले जाते, त्याला प्रतिष्ठा नाही, आणि ज्या कामाला प्रतिष्ठा नाही ते काम नेमून दिलेल्या यादीतून आपोआप गळते. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक गोळी मिळते. ती कोणत्या गावात कोणते कृमी किती कमी करते, हे त्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागेल.

आता खानदेशचे वेगळेपण काय, ते सांगतो. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. खानदेश त्या यादीत वरचा नाही, आणि मी तसा दावा करत नाही. उलट, येथील हिवताप विरळ होत असल्यामुळेच प्रश्न अधिक अवघड झाला आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९५३ च्या मोहिमेनंतर १९६५ साली रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. मग लक्ष उडाले आणि १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. आता देशाने २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे ध्येय ठेवले आहे. अशा शेवटच्या टप्प्यात परजीवी ताप न आणता, तपासणीत सापडणार नाही इतक्या कमी संख्येने, थोड्या माणसांत दडून राहतो, आणि गरोदर बाईची वार ही त्याच्या दडण्याची एक जागा आहे. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम वस्त्यांत ताप असो वा नसो सर्वांचे रक्त तपासण्याची मोहीम घेतली. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात १,२३३ गावांत घरोघर शोध घेऊन काही वर्षांत हिवताप नव्वद टक्क्यांच्या आसपास घटवण्यात आला. त्याच मध्य भारतात नीरू सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवले होते, की गरोदर स्त्रियांत हिवतापाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आहे आणि त्यांच्यात रक्तक्षय व कमी वजनाची बाळे अधिक आहेत. मंडला आणि धडगाव या दोन्ही ठिकाणी डोंगर आहेत, आदिवासी वस्ती आहे, गरिबी आहे. तरीही एक फरक असा आहे, जो त्या अभ्यासांत पकडला जात नाही.

तो फरक स्थलांतराचा आहे. दिवाळी झाली की धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर, साक्री येथून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रक भरून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. काही सौराष्ट्रात शेतीवर, काही सुरतेत बांधकामावर. बाई गरोदर असली तरी जाते, कारण कोयता जोडीने लागतो. ऊसतोडीचा पडाव म्हणजे शेताच्या कडेला प्लास्टिकच्या झोपड्या, जवळ पाटाचे पाणी, शौचाची सोय नाही, दार नाही, मच्छरदाणी नाही. हिवतापाचा आपल्याकडचा जोर पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी असतो, म्हणजे परजीवी शरीरात घेऊनच काही स्त्रिया निघतात; काहींना तो तेथे होतो आणि होळीला गावी परतताना त्या तो इकडे आणतात. व्हायवॅक्सचा परजीवी तर यकृतात झोपून दोन्ही राज्यांची सीमा कितीही वेळा ओलांडतो. ज्या कार्डाने मी लेख सुरू केला त्या बाईची नोंदणी पाचव्या महिन्यात का झाली, याचे उत्तर येथे आहे: पहिले चार महिने ती पडावावर होती. त्या चार महिन्यांत तिला ताप आला का, आल्यास कोणत्या दुकानातून कोणती गोळी घेतली, हे तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही, आणि तिला कोणी विचारले नाही. गावात केलेली कोणतीही पाहणी तिच्या गरोदरपणाचा नेमका हाच भाग गमावणार. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकमेकांना नोंदी दिल्याशिवाय या बाईची हकीकत पूर्ण होऊ शकत नाही.

म्हणून मला जे संशोधन हवे आहे, ते आई आणि मूल यांना एक जोडी मानून त्यांच्या मागे चालणारे हवे. गरोदरपण लक्षात आल्यापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत, गावात आणि पडावावर, रक्त, शौच, सिकलसेल आणि लोहसाठा यांची तपासणी ठरावीक अंतराने व्हावी. बाळंतपणात वारेचा तुकडा तपासला जावा. मुलाचे वजन, ताप आणि जंत यांची नोंद राहावी. हे करायला परदेशी यंत्रणा लागत नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तनमुने वाचणारे तंत्रज्ञ आहेत, आणि पावरी, भिली, अहिराणी बोलणाऱ्या आशाताई आहेत. या तंत्रज्ञांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. झटपट चाचणीची किट आल्यापासून काचपट्टी वाचण्याचे कसब मागे पडत चालले आहे. परंतु किट परजीवीची संख्या सांगत नाही आणि संख्या फार कमी असेल तर चुकते. पट्टीवरचा जाड थेंब दहा मिनिटे धीराने पाहणारा माणूस तयार व्हायला वर्षे लागतात, आणि तो निवृत्त झाला की ते कसब त्याच्याबरोबर जाते.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात घेतो. संशोधनाऐवजी तेच पैसे शौचालयांना आणि नळाच्या पाण्याला द्या, असे म्हणणारे चांगल्या मनाचे लोक आहेत. शौचालय आणि पाणी हवेच, आणि अंकुशकृमीवर त्यासारखा कायमचा उपाय नाही. परंतु गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत केलेल्या प्रयोगात, गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्याने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात त्यामागे तो प्रयोग आहे. मोजदाद केली नसती तर ती कल्पना एका चांगल्या माणसाचे मत म्हणून राहिली असती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आदिवासी कार्यकर्त्यांकडून येतो: आमच्या बायका-मुलांवर प्रयोग करू नका. या संतापामागे इतिहास आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा येथे दहा ते चौदा वर्षांच्या मुलींवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा अभ्यास सुरू झाला. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या आणि अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबवण्यात आला. मुलींचे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही, पण संमतीच्या प्रकाराबद्दल संसदीय समितीने २०१३ साली कठोर ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होते. ज्या मुलीच्या वतीने वॉर्डन सही करतो, तिचा विश्वास संशोधनाने पुन्हा कसा मिळवायचा, हा प्रश्न संशोधकांनी टाळू नये.

तरीसुद्धा या संतापातून गरोदर बाईला संशोधनातून वगळण्याचा निष्कर्ष निघत असेल, तर तो तिच्याच विरोधात जातो. आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधे आपल्याकडे २०१० पासून सर्व फॅल्सिपेरम रुग्णांसाठी ठरली. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना त्या शोधासाठी २०१५ साली नोबेल मिळाले. पहिल्या तिमाहीतील गरोदर स्त्रीला मात्र त्यातील एक औषध देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली, आणि तो पुरावा कुठून आला? गरोदर असल्याचे माहीत नसताना ज्यांनी ते औषध घेतले, त्या स्त्रियांच्या नोंदींतून. म्हणजे तिला अभ्यासातून वगळल्यामुळे ती औषधापासून वाचली नाही. तिने ते घेतलेच, फक्त कोणाची देखरेख नसताना घेतले. लशींचेही तसेच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लशीला ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक शिफारस मिळाली याचा अभिमान वाटतो, पण ती फॅल्सिपेरमवर आणि आफ्रिकेतील बालकांना डोळ्यांसमोर ठेवून घडलेली आहे. व्हायवॅक्सवर किंवा वारेतल्या परजीवीवर ती चालत नाही, आणि वारेतील हिवतापाविरुद्धच्या लशी अजून चाचणीच्या सुरुवातीच्या टप्प्यातून पुढे आलेल्या नाहीत.

संमती कशी घ्यावी, याबद्दल माझी मागणी स्पष्ट आहे. माहिती पावरीत किंवा भिलीत, बाईला स्वतःला, सासू आणि नवऱ्याच्या अनुपस्थितीतही एकदा सांगितली जावी. नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही हे तिला पटेपर्यंत सांगावे. ज्या आजाराचा शोध घ्यायचा त्याचा उपचार त्याच दिवशी तेथेच मिळावा. परजीवी सापडला आणि औषधासाठी शहाद्याला जा असे सांगितले, असे कधीही घडू नये. वारेविषयी तर विशेष काळजी हवी, कारण ती पुरण्याची रीत घराघरांत पाळली जाते आणि तिच्याशी भावना जोडलेल्या आहेत. तुकडा घेऊन उरलेली वार सन्मानाने घरच्यांना परत दिली पाहिजे. आणि निष्कर्ष प्रथम ग्रामसभेत सांगितले जावेत, नियतकालिकात नंतर. गावाला आपल्याच रक्ताबद्दलची माहिती परक्या भाषेतील शोधनिबंधातून कधीच मिळत नाही, याची खंत मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे.

वेळापत्रकाचाही विचार हवा, कारण सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होते आणि पाड्याचे वर्ष तसे चालत नाही. नोंदणी आषाढ-श्रावणात सुरू झाली, तर दिवाळीपर्यंत प्रत्येक गरोदर बाईची एक पूर्ण तपासणी होऊन तिचे कार्ड तिच्याबरोबर जाऊ शकते, आणि ट्रक कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार हे मुकादमाकडून आधीच लिहून घेता येते. कार्तिकानंतर सुरू केलेल्या कामाला पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुलूप लावलेली घरेच भेटतील. आज पौष चालू आहे. मी पाहिलेले ते मूल चार महिन्यांचे झाले असेल. आईवडील त्याला घेऊन बार्डोलीकडे पडावावर गेले आहेत, असे आशाताईंनी परवा फोनवर सांगितले. कार्ड घरीच, सासूच्या पत्र्याच्या पेटीत आहे.